उरलेला स्क्रू

टणकन आवाज करत स्क्रू फरशीवर पडला आणि वृंदाने धीर एकवटला. समोर तिचे वडील मिक्सर उघडून बसले होते. अन्ननलिकेत गाठ झाल्यापासून त्यांचं जेवण त्याच मिक्सरमधून पातळ होऊन येत होतं.

"अण्णा, डॉक्टरांचा फोन होता. दुर्बिणीतून नाही जमणार म्हणाले. जुन्या टीबीमुळे फुफ्फुस बरगड्यांना चिकटलंय. छाती उघडूनच अन्ननलिका काढावी लागेल."

बारीक भोकं पाडून काम होईल, जखम लवकर भरेल, असं सांगूनच तिने अण्णांना तयार केलं होतं. आता ते साफ नाही म्हणणार, या धास्तीने तिला त्यांच्याकडे बघवेना.

अण्णांनी मात्र सुटकेचा सुस्कारा सोडला. "बरं झालं पोरी. भोकातून डॉक्टरला काय दिसणार, याचाच मला घोर लागला होता. मी कधी यंत्र न उघडता दुरुस्त केलंय का? जखम भरायला वेळ लागेल, तर लागू दे."

वृंदाच्या जिवात जीव आला. अण्णांनी मिक्सर जोडून बटण दाबलं, तो गरगर फिरला. पडलेला स्क्रू नेहमीसारखा उरलाच.

"चालतोय ना? मग झालं तर!" अण्णा हसले.

छोट्या जुईने तो स्क्रू उचलून आजोबांच्या डब्यात टाकला. डब्यात तसे पुष्कळ होते. डब्यात बघत ती आईला बिलगली.

"आई, आजोबांना परत जोडताना डॉक्टरांकडूनपण काही उरलं तर?"