सात मिनिटांची नोंद

तेरा वर्षं उत्तर न दिलेलं ते पत्र सोपानरावांनी खिशातून काढलं, वाचलं आणि घडी करून पुन्हा खिशात घातलं. सकाळपासूनची ही चौथी खेप. चार वाजता पुण्याहून ट्रक येणार होता.

परदेशी लढणाऱ्या शिपायांसाठी रेडिओ कार्यक्रम पाठवणारं चिंचवडच्या माळावरचं हे शॉर्टवेव्ह केंद्र लढाईनंतर दोन वर्षांत बंद पडलं होतं. आता, सत्तावन्न साली, जागा एका कारखान्याला गेली होती. केंद्राच्या नोंदवह्या जपून ठेवायला पुण्याला जायच्या होत्या, आणि त्यांच्यासोबत केंद्राचा इतिहास. तो लिहायचं काम सोपानरावांकडे आलं, कारण लढाईच्या काळात नोंदी ठेवणारे तेच. तळेगावहून रोज येऊन त्यांनी एकोणचाळीस पानं लिहिली. चाळिसाव्यावर ‘वेळेच्या नोंदीत केंद्राकडून कधीही चूक झाली नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं, आणि पुढे टाक सरकेना.

पत्र इटलीतल्या लष्करी इस्पितळातून आलं होतं. लिहिणारा भैरू नावाचा नाईक, पाटणकडचा. दूरच्या श्रोत्याने कळवायचं, अमुक दिवशी अमुक वेळी हे हे ऐकलं. केंद्राने ते नोंदवहीशी ताडून पाहायचं आणि जुळलं तर छापील कार्डावर ‘पडताळणी केली’ असं लिहून पाठवायचं, असा रिवाज होता. सोपानरावांनी अशी शेकडो कार्डं पाठवली होती. भैरूला मात्र पाठवलं नव्हतं.

त्याने लिहिलं होतं की चौदा सप्टेंबरला कार्यक्रम संपला तरी रेडिओ चालूच राहिला. आधी झाडल्याचा आवाज आला. मग तो थांबला आणि एक बाई बोलायला लागली. बाळा, जेवलास का? हिकडं समदं बरं हाय. म्हस व्याली, रेडी झाली. पाय भिजवत फिरू नगंस. आमच्या खोलीत चौघे मराठी आहोत आणि चौघेही म्हणतो, ती माझीच आई. यावरून भांडणं झाली, एकाने तर जेवण सोडलं. तरी ती कोणाची आई, हे कृपा करून कळवावं. लढाई संपली असल्यास उत्तर गावच्या पत्त्यावर पाठवावं.

नोंदवहीत त्या तारखेला होतं : प्रसारण बंद, सहा तीस. अक्षर सोपानरावांचं. त्यांची एक खोड होती. आधी नोंद करायची, मग प्रसारणाचा खटका पाडायचा, म्हणजे वही कधी मागे राहायची नाही. त्या दिवशी नोंद झाली आणि बाहेर फोन वाजला. ते परत आले तेव्हा सहा सदतीस झाले होते. खटका वरच होता, प्रसारण चालूच होतं. आत केंद्रावर झाडलोट करणारी चिखलीची सगुणाबाई एकटीच होती.

कोणाला पत्ता लागला नाही. पत्र आलं तेही त्यांच्याच हातात. एक ओळ दुरुस्त करायची होती, पण धीर झाला नाही. आधी नोकरीची भीती होती. नोकरी संपली तेव्हा सगुणाबाईची भीती राहिली. तिचा मुलगा पलटणीत असणार हे उघड होतं. तो परत आला का, हे विचारायची त्यांची छाती झाली नव्हती.

ट्रक आल्याचा भास होऊन ते पुन्हा उठले. खिडकीपाशी गेले, परत आले, परत गेले. बंद केंद्राच्या किल्ल्या आता सगुणाबाईच सांभाळायची. पायरीवर जुडगा घेऊन बसलेली ती म्हणाली, “मास्तर, फरशी मी सकाळीच झाडली हाय. तुमी कशाला घासताय?”

ती त्यांना मास्तर म्हणायची, कारण त्यांच्या हातात कायम पुस्तक असायचं.

सोपानराव तिच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. खटका चालू राहिला होता. ती बोलली ते सगळं सातासमुद्रापलीकडे गेलं. चूक त्यांची होती आणि त्यांनी ती तेरा वर्षं लपवली.

सगुणाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. “मला ठावं हाय की. लाल दिवा जळत व्हता. दिवा असला की कुनीतरी ऐकतंय, हे तुमीच सांगितलेलं.”

“मग बोललात कशाला?”

“घरापासनं लांब गेलेली पोरं कान लावून बसायची, आन् हिथनं नुसती खराट्याची खरखर? बरं दिसतं व्हय?”

सोपानरावांनी शेवटी विचारलं, “तुमचा मुलगा कुठल्या पलटणीत होता?”

“मला कुठलं पोर, मास्तर.” ती जरा हसली. “म्हस मातुर खरी व्हती.”

लांबून ट्रकचा आवाज आला. या खेपेला तो खराच होता. सोपानरावांनी नोंदवही ओढली, ‘सहा तीस’वर तांबड्या शाईने रेघ मारली, वर ‘सहा सदतीस’ लिहिलं आणि सही केली. कार्यक्रमाच्या रकान्यात लिहिलं : सगुणाबाई, चिखली. इतिहासातलं ते वाक्य खोडलं आणि त्या सात मिनिटांची हकिगत लिहायला बसले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी पान पुरं झाल्यावरच उठले.

वह्या गेल्या. कपाटाच्या तळाशी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उरला होता. त्यातलं एक काढून त्यांनी भैरूच्या गावचा पत्ता घातला. मागे दोनच ओळी लिहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलेलं पुन्हा न वाचता चिंचवड स्टेशनावरच्या पेटीत टाकलं.

‘चौदा सप्टेंबरचं प्रसारण आमचंच. पडताळणी केली, चौघांचंही म्हणणं बरोबर आहे.’