घोडीचं माप

“हलू नको गं आई. रोज फळी झेलतीस तशीच उभी राहा,” असं म्हणून एडविन टेप घेऊन दयाबाईच्या पायाशी बसला. तो बसायच्या आधीच तिनं चपला काढून बाजूला सारल्या होत्या.

श्रीरामपूरच्या त्याच्या शेडमध्ये चर्चच्या बाकांचं काम चाललं होतं. एडविन पुढून लांब फळी मशीनच्या करवतीत रेटायचा. पलीकडून चिरून निघालेली फळी दयाबाई दोन्ही तळहातांवर झेलायची. नवरा गेल्यापासून ती जागा तिची. मागच्या आठवड्यात तिचा गुडघा लचकला, फळी कलली आणि पातं अडकून किंचाळलं. डॉक्टर म्हणाला, आराम. सून आराधना म्हणाली, आराम. पाळकसाहेबांनी तर प्रार्थनेतसुद्धा तिच्यासाठी आरामच मागितला. देवाला तरी काही दुसरं सुचू द्यायचं!

आता एडविन तिच्या जागी घोडी बसवणार होता. लाकडाचे दोन पाय आणि वर बोअरच्या जुन्या पाइपचा गरगर फिरणारा रूळ. करवतीमागची जमीन उताराची, म्हणून मशीनची उंची मोजून भागत नव्हतं. घोडीचं माप आईच्या हातावरून घ्यायचं ठरलं.

म्हणजे जिला हाकलायचं, माप तिच्याच अंगावर! फळी झेलताना दयाबाईच्या पायात असायच्या त्या चपला चांगल्या जाड तळाच्या होत्या. घोडी तेवढीच बुटकी होऊ दे. मग येतोय पोरगा हात जोडत.

एडविननं जमिनीपासून तळहातापर्यंत मापलं. मग गुडघ्यापर्यंत मापलं.

“गुडघा कशाला रे? शवपेटी करायला घेतलीस का काय माझी?”

“गप उभी राहा.”

शनिवारी घोडी करवतीमागं उभी राहिली. पहिलीच फळी पलीकडं निघाली, तिचं टोक झुकलं आणि पातं कुरकुरलं. एडविननं घाईनं मशीन बंद केलं.

दयाबाई याचीच वाट बघत होती. पदर खोचून ती पुढं झाली. “लई शिकलेली हाय व्हय तुमची घोडी? सरका. तिथं हाडामासाचं माणूसच लागतं.”

“आई, चपला काढ.”

“का? चर्च हाय का हे?”

“काढ की.”

एडविननं तिच्या चपला उचलल्या, घोडीच्या एकेका पायाखाली एकेक सारली आणि मशीन चालू केलं. फळी रुळावरून सुळकन पार गेली. आराधना तोंडाला पदर लावून हसली.

दयाबाई हसली नाही. पोरानं त्या दिवशी सगळं बघितलं होतं तर! इतकी वर्षं झेललेल्या फळ्या, आणि शेवटी जागा गेली ती आपल्याच चपलांनी.

“जाते मग घरी,” ती म्हणाली. “करते तुमचा तो आराम. अनवाणी.”

“घरी कुठं निघालीस? तुझी ड्युटी बदललीय.” एडविननं कोपऱ्यातल्या पोत्याखालून एक नवी खुर्ची ओढली आणि मशीनच्या बटनाशेजारी ठेवली. “आजपासून बटन तुझ्या हातात. तू म्हणशील तवाच पातं फिरंल, आणि तू म्हणशील तवाच थांबंल.”

“आणि माझं न्हाई ऐकलंस तर?”

“मशीन तर ऐकंल.”

दयाबाईनं खुर्ची आधी हलवून बघितली. मग बसली आणि बटनावर बोट ठेवलं. तिचे पाय जमिनीला बरोब्बर टेकले. खुर्चीचं माप अनवाणी पायांचंच होतं.