तीन मिनिटं

शर्वाणीने हौसेने घेतलेला पहिलावहिला मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे वायरी जोडून सूर काढायचं यंत्र, सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसला होता. सगळ्या वायरी खुपसून झाल्या, तरी हूं की चूं नाही. शेवटी तो परत पाठवायला तिने खोकं पुढे ओढलं.

चहा घेऊन आलेली आई त्या वायरींच्या जंजाळाकडे बघतच राहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं तिने अशाच वायरी जोडून लोकांना परगावचे तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल लावून दिले होते. पुढे नंबर फिरवला की थेट लागणारे फोन आले, आणि “आता या हातांना काय काम” हे तिचं पालुपद झालं.

“आवाज निघतो कुठून?” तिने विचारलं.

शर्वाणीने पुस्तिकेत बघून भोकं दाखवली. “इथून बाहेर येतो, इथून आत जातो.”

“मग तू दोन बोलणारेच एकमेकांना जोडलेस की. ऐकणारं कुणी नको का?”

आईने एक वायर उपसून शेजारच्या भोकात बसवली. भरदार, घुमणारा स्वर खोलीभर पसरला. शर्वाणी बटणं फिरवत गेली तसा तो चढला, थरथरला, पुन्हा खाली आला. चहावर साय धरली तरी दोघी ऐकत होत्या.

मग आईची नजर घड्याळाकडे गेली आणि ती जुन्या, ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, “तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?”

शर्वाणीने खोकं पायाने मागे सारलं.

“वाढवा मॅडम,” ती म्हणाली. “आमचं बोलणं आत्ता कुठे सुरू झालंय.”