म्हैस कोणत्या पक्षाची?

“बाईमाणसाला म्हैस म्हणता? लाज नाही वाटत?” सोसायटीच्या ग्रुपवर केळुसकरांनी तावातावाने लिहिलं. केळुसकरांच्या पक्षात नव्याने आलेल्या आमदारबाईंवर विनोद टाकणाऱ्या धुमाळला त्यांनी ग्रुपमधून काढूनच टाकलं.

धुमाळ तळमजल्यावरून तडक वर आला. “काका, म्हैस डबक्यातून उठत नाही आणि बाई खुर्चीतून, हा विनोद तुमचाच! निवडणुकीत तुम्हीच टाकला होतात.”

“तेव्हा बाई तुमच्या पक्षात होत्या. आता आमच्यात आल्यात. बोलताना जरा संस्कार दिसू देत.”

इतक्यात आतून काकू ओरडल्या, “अहो, टीव्ही बघा! तुमच्या बाई परत जुन्या पक्षात गेल्या.”

केळुसकरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. मग धुमाळला ग्रुपमध्ये परत घेतलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “टाक रे तो म्हशीचा पुन्हा. अरे, विनोद विनोदासारखा घ्यावा माणसाने!”

धुमाळ हसणारच होता. पण बाई आता पुन्हा त्याच्या पक्षाच्या होत्या. त्याने पाठीवरचा हात झटकला.

“तोंड सांभाळा, काका. बाईमाणसाला म्हैस म्हणता?”