वहीतला शेवटचा प्रश्न

बायको गेल्यावर तिच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. "परदेशातल्या शाळा बघायला आम्ही सगळ्या शिक्षिका निघालोय. तिचं नाव यादीत होतंच. तिच्या जागी तुम्ही चला, भाऊजी." तिथे विचारायचे प्रश्न तिने एका वहीत लिहून ठेवले होते. ती वही घेऊन मी गेलो.

सकाळी शाळा, दुपारी किल्ला, असा कार्यक्रम होता. तिथल्या बाईंसमोर लहान मुलांच्या खुर्चीत बसून मी एकेक प्रश्न वाचत होतो. वही माझ्या दिवंगत बायकोची आहे, हे दुभाषी मुलीने त्यांना आधीच सांगितलं होतं. ती सांगेल ते उत्तर मी लिहून घेत होतो. मागे पडणाऱ्या मुलाचं काय करता? पालक भेटायला आलेच नाहीत तर?

शेवटचा प्रश्न आधी मनात न वाचताच मोठ्याने वाचला. "दिवसभर वर्गात जे घडतं, ते घरी कोणाला सांगता?"

बाई हसल्या. "नवऱ्याला. जेवताना तोच विचारतो. आणि तुमच्या मिसेस कोणाला सांगायच्या?"

आमच्याकडे जेवताना बातम्या लागायच्या. ती काही सांगायला लागली, की मी हात वर करायचो. थांब जरा. एकतीस वर्षं ती थांबली.

"सांगा की भाऊजी," मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "लाजता काय?"

"मला," मी म्हणालो.

मुलीने ते सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला.

"त्या म्हणतायत, मिसेस नशीबवान होत्या."

मी तेही वहीत लिहून घेतलं.