तेविसावा प्रश्न

प्रीतीला याही रविवारी पन्नासपैकी पन्नास मिळाले आणि सरिताच्या कपाळाला आठी पडली. हा सलग सहावा रविवार होता.

विहाराच्या वरच्या मजल्यावरची ही अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीस मुलं-मुली, फी नाही, नियम एकच: नक्कल केली की खुर्ची गेली. सरिता तिथे तर्कशास्त्र शिकवायची, तेही फुकट. अभ्यासिका उभी केली ती प्रेमानंद सरांनी. दर रविवारचा पेपर त्यांच्याच जुन्या पेटीतून निघायचा. मुलांनी लिहिलं की उत्तरांचा गठ्ठा आधी सरांच्या घरी जायचा. त्यांचा हात फिरल्याशिवाय तपासायचं नाही, अशी पद्धतच होती. सोमवारी गठ्ठा परत यायचा आणि सोबत उत्तरतालिकेचं बंद पाकीट. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर सर स्वतः येत नसत, पण पाकीट कधी चुकलं नाही. उलट त्यांचं अक्षर हल्ली चांगलं सुधारलं होतं.

या सोमवारीही प्रीतीचा पेपर गठ्ठ्यात सर्वात वर होता. मनात पाल चुकचुकली म्हणून सरिता एकेक प्रश्न स्वतः सोडवायला बसली. तेविसाव्यावर ती अडली. सहा जण गोल टेबलाभोवती बसलेत, तोंडं बाहेर. तालिकेत उत्तर तीन. तिला दोन आलं. पुन्हा सोडवलं, पुन्हा दोनच. म्हणजे सर चुकले होते!

तिने तीसही पेपर चाळले. कोणी दोन लिहिलं होतं, कोणी चार. तीन फक्त एकीचं होतं.

तालिका पाहणाऱ्याची चूक तालिकेशी जुळणार. प्रीतीची जुळली. आणि शनिवारी दुपारी सरांच्या फाटकातून बाहेर पडताना सरिताने तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. आता सिद्ध करायचं राहिलं काय?

तिने प्रीतीला फळ्यापाशी बोलावलं.

"शनिवारी सरांच्या घरी काहून गेली होती वं?"

"पुस्तक वापस कराले, मॅडम."

"तेवीसचं उत्तर तीन कसं आलं?"

प्रीतीने पेन्सिलीने गोल काढला, सहा नावं मांडली, बोटाने मोजू लागली आणि मध्येच थांबली. "अरे! तोंडं बाहेर आहेत. मी आत समजून राहिली होती. चुकलं, मॅडम."

"चुकलं, तरी मार्क भेटला. सरांची चूक तुझ्या पेपरात कशी उतरली?"

"मले नाही माहीत जी. पण मी आन्सर की नाही पाहिली. परीक्षा महिन्यावर आली. मौद्याले एका खोलीत सहा जण राहतो आम्ही, तिथं अभ्यास होत नाही. खुर्ची नका घेऊ मॅडम."

सरिताला गलबलून आलं. या पोरीवर तिचा धाकट्या बहिणीसारखा जीव होता, आणि म्हणूनच राग दुप्पट होता. मागच्या फळ्यावर तिचाच परवाचा धडा अजून तसाच होता: संत्र्याला बिया असतात. ज्याला बिया असतात ते संत्रंच, असं म्हणाल तर नापास.

"नियम सगळ्यांले एकच," ती म्हणाली.

प्रीतीने पुस्तकं पिशवीत भरली, ओढणीने खुर्ची पुसली आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी सरिता हुडकेश्वरला सरांच्या घरी पोचली. सरांच्या पत्नीने, कौसल्याबाईंनी, दार उघडलं. काळा चष्मा लावून सर आरामखुर्चीत बसले होते.

"कोण आलं?" सरिता समोर उभी असताना त्यांनी विचारलं.

"मी सरिता, सर." तिने सगळं सांगितलं. पायरीवर पायरी रचत, जसं त्यांनीच तिला एकेकाळी शिकवलं होतं तसं. शेवटी म्हणाली, "आजच तिला काढून टाकलं. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून."

तिला शाबासकीची अपेक्षा होती. आरामखुर्चीच्या हातावरची सरांची बोटं तेवढी हलत राहिली.

चहा घेऊन आलेल्या कौसल्याबाई दारातच थबकल्या. पाहुणी समोर आहे याचंही त्यांना भान राहिलं नाही.

"अवो, प्रीतीले काढलं?" त्या सरांना म्हणाल्या. "मग आता मी आन्सर की कोणाच्या पेपरावरून उतरवू?"