येतो

तीन आठवडे सर्व्हर मध्येच गोठत होता, आणि आज सापडलेली चूक ही एवढीशी. कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, नेटवर्क कोडमधलं एक फंक्शन कुलूप लावून कामाला बसायचं, पण आलेलं माहितीचं पॅकेट खराब निघालं की कुलूप न सोडताच चालतं व्हायचं.

"मागचे सगळे प्रोग्रॅम ते कुलूप सुटायची वाट बघत ताटकळलेत बिचारे," ती फोनवर सहकाऱ्याला म्हणाली.

"किती वेळ थांबतील, ताई?"

"जन्मभर. गेलेला परत येणार नाही, हे त्यांना सांगणार कोण?"

बाहेर पडण्याआधी कुलूप सोड, अशी एक ओळ तिनं घातली. सर्व्हर सुरळीत चालू लागला.

आतून सासूबाईंची हाक आली. "कडी लावली नाहीस ना गं? तो 'येतो' म्हणून गेलाय."

नवरा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं, ही आईनंच लावलेली सवय त्यानं तेवढी पाळली होती.

"लावली नाही हो, आई."

तिनं सांगितलं खरं, पण लॅपटॉप मिटून दारापर्यंत गेली, आणि कडी उघडीच आहे ना, ते स्वतः बघून आली.